चांदणीवाली कार्डं गेली कुठे?

"मॅडम, पर्समधले ५०० रुपये गेले. पोकेमॉनची कार्डं घेतली म्हणतो. पोरगा हाताबाहेर चालला का हो?" चौथीतल्या मुलाची आई बोलता बोलता रडायला लागली. बाबांनी तर सगळी कार्डं जाळायची धमकी दिली होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

कार्डांपायी घरातले पैसे उचलले, ही तक्रार माझ्याकडे बऱ्याचदा येते. पोकेमॉन या काल्पनिक प्राण्यांच्या कार्डांचं पाकीट बंद असतं, आत काय निघेल ते कळत नाही, म्हणून आणखी एक पाकीट घ्यावंसं वाटतं. मुलांना हा मोह आवरणं खरंच अवघड जातं. मीही आधी तेच धरून चालले होते.

मुलाला म्हटलं, "अल्बम घेऊन ये आणि मला शिकव." तो खुलला. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात गोल असला तर ते साधं, चौकट असली तर जरा कमी मिळणारं, चांदणी असली तर दुर्मीळ. बहुतेकांची कमजोरीही छापलेली असते. १९९९च्या इंग्रजी संचातला चारिझार्ड हा आगीचा पोकेमॉन १२० एचपीचा (म्हणजे तेवढा मार सोसणारा), पण पाण्यापुढे कच्चा. सगळं तोंडपाठ!

"तुझं आवडतं कोणतं?"

त्यानं सायडक काढला. पिवळं बदक, दोन्ही हात डोक्याला लावलेले. "याचं डोकं सारखं दुखतं. खूपच दुखलं की याच्यात शक्ती येते."

मी पानं उलटत राहिले. सगळे गोल नाहीतर चौकटीच. ५०० रुपयांच्या पाकिटांतून एकही चांदणी नाही?

"चांदण्या कुठायत रे?"

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "बसमधल्या दादांना दिल्या. दिल्या की बसू देतात."

जूनमध्ये शाळा बदलली होती. दर सोमवारी सकाळी त्याचं डोकं दुखायचं. डोळे तपासून झाले होते, औषधंही झाली होती. बसबद्दल मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच्या परवानगीनं आईबाबांना आत बोलावलं. बाबा शाळेत जाऊन बोलले, बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या ताईंच्या शेजारची जागा ठरली. चोरी मात्र मी झाकली नाही. भीतीपोटी केली तरी ती चोरीच, आणि हे त्याला स्वतःलाही टोचत होतं. खाऊच्या पैशातून आठवड्याला २० रुपये फेडायचे, बंद पाकिटं तूर्त नाहीत, अदलाबदल चालेल, असं त्यानंच ठरवलं. बाबांना मी एकच काम दिलं: रविवारी त्याच्याकडून खेळ शिकायचा, प्रत्येकी ६० कार्डांचा डाव लावून.

नऊ आठवडे झालेत. सोमवारचं डोकं अजून अधूनमधून दुखतं, पण आता तो बसमध्ये काय झालं ते आईला सांगतो. ३२० रुपये फेडायचे राहिलेत.