छोट्या वाचनालयाच्या सर्व्हरसाठी कोणतं लिनक्स आणि कोणतं होस्टिंग घ्यावं?

वाचनालयाचा कॅटलॉग कोहावर (वाचनालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकायचाय, सभासदांना घरून पुस्तकं शोधता यायला हवीत, आणि ओळखीतल्या कुणीतरी सेंटओएस ७ हे लिनक्स सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. अशा काही वाचनालयांचे सर्व्हर मी सांभाळतो. माझं स्पष्ट मत: डेबियन हे लिनक्स घ्या.

कारण कोहाच. त्याची तयार पॅकेजेस डेबियन धरूनच बनतात. कोहाची रिपॉझिटरी (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) जोडली की ‘कोहा-कॉमन’ हे एकच पॅकेज अपाची (वेब सर्व्हर), झेब्रा (कॅटलॉगमध्ये शोध घेणारं इंजिन) वगैरे सगळं ओढून आणतं. मारियाडीबी (डेटाबेस) तेवढं वेगळं बसवा. उबुंटूच्या एलटीएसवरही (जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) हे चालतं, हात बसला असेल तर खुशाल वापरा. सेंटओएस ७ मात्र नको. त्याचे अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झाले, आणि तुमच्या सर्व्हरवर सभासदांचे पत्ते, फोन नंबर असणार. डेबियन १२ ला सुरक्षेचे अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत.

होस्टिंगसाठी ठरावीक मासिक दराचा व्हीपीएस (भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) बघा. मोठ्या क्लाउडवर डिस्क, आयपी, बाहेर जाणारा डेटा यांचे पैसे वेगवेगळे लागतात. कार्यकारिणीला मंजुरीसाठी एकच आकडा लागतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. सर्व्हर मुंबई किंवा बंगळुरूचा घ्या. युरोपात त्याच पैशात जास्त रॅम मिळते हे खरं, पण काउंटरवर रांग असताना प्रत्येक क्लिकला लागणारा उशीर जाणवतो.

रॅमवर कंजुषी नको, ४ जीबी घ्या. १ जीबीवर कोहा सुरू होतो, पण झेब्राचा इंडेक्स (शोधसूची) नव्याने बांधायला घेतला की मेमरी संपते, कर्नल (लिनक्सचा गाभा) मारियाडीबीलाच बंद पाडतो आणि सभासदाला नुसतं एरर पान दिसतं.

होस्टिंगचं खातं वाचनालयाच्या ईमेलवरच उघडा, कार्यकर्त्याच्या नको. तो नोकरीसाठी गाव सोडून गेला की बिलाची आठवण त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते.

आणि बॅकअप. कोहा रोज रात्री बॅकअप काढतो खरा, पण ठेवतो त्याच सर्व्हरवर. तो रोज आरसिंकने (फायली कॉपी करणारं साधन) वाचनालयातल्या संगणकावर उतरवा, आणि एकदा तरी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पुस्तकं नीट दिसतात का ते पाहा. हे झाल्याशिवाय जुनी रजिस्टरं बंद करू नका.