'ग्रॅब' म्हणजे आपली गुराब

प्रश्न : आंग्र्यांच्या आरमारावरच्या इंग्रजी लिखाणात 'ग्रॅब' नावाचं जहाज सारखं भेटतं. झडप घालून पकडायचं म्हणून हे नाव पडलं का? आणि गलबत वेगळं ते कसं?
— एक वाचक, पेण

उत्तर : नाही हो, पकडण्याशी त्या नावाचा काही संबंध नाही. ती आपली गुराब. मूळ शब्द अरबी, 'घुराब' म्हणजे डोमकावळा. वल्ह्यांच्या लांब जहाजालाही अरब तेच म्हणत. इंग्रजांच्या कानाला त्यात त्यांच्याच भाषेतला 'पकडणे' या अर्थाचा शब्द ऐकू आला, आणि तसाच त्यांनी तो लिहिला.

गुराबेची ओळख तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात आहे. इतर जहाजांसारखी ती उंच उचललेली नसे; लांब, निमुळती, पुढे झेपावलेली. समोरच्या लाटेवर अशी नाळ फार आपटते. माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते, नाळेवर पाणी चढलं की ते म्हणायचे, "येऊ दे, आलं तसं जाईल." गुराबेच्या नाळेला म्हणूनच कठडा नसे, चढलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाई. मागच्या आडभिंतीत झरोके ठेवून त्यांतून दोन तोफा थेट समोर डागता येत. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० पर्यंत.

गलबत त्याहून लहान, फार तर ७० टन. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी ते अडत नसे, आणि मला विचाराल तर आपल्या आरमाराचं खरं बळ तिथेच होतं.

ऑक्टोबर १६७९ मध्ये खांदेरी बेटाजवळ, शिवाजी महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान याची गलबतं नाळेवरच्या तोफा डागत इतकी वेगाने आली, की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या 'डव्ह'ने निशाण उतरवलं. तीही गुराबच! त्यांची 'रिव्हेंज' मात्र एकटी झुंजली आणि तिने मराठ्यांचा ताफा मागे रेटला, हेही सांगायला हवं. पण बेट मराठ्यांकडेच राहिलं, कारण इंग्रजांचा पहारा चुकवून रात्री रसद पोहोचतच होती.

पेणहून थळ काही लांब नाही. एकदा किनाऱ्यावर उभे राहा, खांदेरी समोरच दिसते. मधलं पाणी नजरेने मोजा. काळोखात, दिवा न लावता, भरलेल्या होड्या वल्हवत तेवढं तोडायचं होतं.