जुनी डायल खरवडण्याआधी

प्रिय पोरी,

काल तू पाठवलेला फोटो पाहिला. जुन्या मिलिटरी घड्याळाची डायल टेबलावर उघडी, शेजारी ब्लेड आणि चहाचा कप. हातातलं काम थांबव आणि हे आधी वाच.

आकड्यांवरचा तो तपकिरी पडलेला लेप जवळजवळ नक्की रेडियमचा आहे. आपल्याकडे नंबरप्लेटच्या चमकत्या स्टिकरलाही रेडियम म्हणतात, त्यामुळे या शब्दाची भीतीच उरली नाही. तुझ्यासमोर आहे ते खरं रेडियम. अंधारात चमकत नाही म्हणून ते संपलं असं समजू नकोस. थकतं ते सोबतचं झिंक सल्फाइड, रेडियमच्या किरणांनी चमकणारी पूड. रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काटे वर्षानुवर्षं जिथे थांबले होते, तिथे डायलवर करपल्यासारखी सावली आहे बघ. ती त्याचीच.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात १९१७ पासून तुझ्याहून लहान मुली हा लेप डायलवर लावत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. त्यांना शिकवलंच तसं होतं. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं हाडांत साठवतं. आधी दात गेले, मग जबडे. त्यांच्यातली मॉली मॅगिया १९२२ मध्ये वारली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर सिफिलिस हा गुप्तरोग लिहिला. १९२७ मध्ये शव उकरलं तर हाडं किरणोत्सारी निघाली. आणि त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ शिशाच्या पडद्याआडून, चिमट्याने रेडियम हाताळत होते! याचा मला आजही संताप येतो.

तुझे मालक म्हणतील, इतकी वर्षं करतोय, काही होत नाही. मग हे काम ते स्वतः करतात की तुझ्याकडे देतात, ते बघ.

रेडियममधून निघणारे आल्फा किरण कातडीनेही अडतात. घात होतो तो धूळ पोटात, छातीत गेली की. मी शिकाऊ असताना असेच आकडे खरवडले आणि पूड तोंडाने फुंकली. मला कोणी अडवलं नाही.

तू खरवडू नकोस, फुंकू नकोस, ब्लोअरही नको. डायल आणि काटे झिपच्या पिशवीत बंद कर, टेबल ओल्या फडक्याने पूस, हात साबणाने धू. चहा दुसऱ्या खोलीत. गिऱ्हाइकाला सांग, मशीन दुरुस्त करून देईन, लेपाला हात लावणार नाही. ते गेलं तर जाऊ दे.

डायल पिशवीत गेली की मला फोन कर. मी जागा आहे.

तुझा काका