वारा, अंश आणि इंधन: शिकाऊ वैमानिकांची प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न क्रॉस-कंट्री उड्डाणाच्या आखणीबद्दल आहेत. सूत्रं सगळ्यांना पाठ आहेत, हे वाचून बरं वाटलं. पण उत्तर साधारण किती यावं, याचा अंदाज जवळपास कोणीच आधी बांधलेला दिसत नाही. म्हणून जमेल तिथे आधी अंदाज आणि मग नेमका आकडा, असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न: ट्रॅक (जमिनीवरच्या ठरलेल्या मार्गाची दिशा) ०६०, टीएएस (हवेतला खरा वेग) ९० नॉट (तासाला सागरी मैल), वारा ०२० वरून १८ नॉट. फ्लाइट कॉम्प्युटरवर (हिशोबाच्या फिरत्या तबकडीवर) मला हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) ०६७ आलं आणि इंस्ट्रक्टरांनी त्यावर फुली मारली. माझी दुरुस्ती नेहमीच उलट्या बाजूला जाते. कुठे चुकतंय?

तबकडीला हात लावण्याआधी कागदावर ट्रॅकचा बाण काढा आणि वारा कुठून येतोय ते दाखवा. ०२० ही दिशा ०६० च्या डावीकडे, पुढच्या बाजूला आहे. वारा डावीकडून आला तर विमान उजवीकडे ढकललं जाणार. म्हणून नाक डावीकडे ठेवावं लागणार आणि हेडिंगचा आकडा ०६० पेक्षा लहानच यायला हवा. वारा पुढून असल्यामुळे ग्राउंडस्पीडही (जमिनीच्या सापेक्ष वेग) ९० पेक्षा कमी हवा. ही दोन वाक्यं कागदावर असती, तर ०६७ दिसताच तुम्हीच थांबला असता.

आता आकडा. कमाल ड्रिफ्ट (वाऱ्याने बाजूला ढकललं जाण्याचा कोन) म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले ६०, भागिले टीएएस. इथे १८ × ६० ÷ ९० = १२ अंश. वारा अगदी काटकोनात असता तर एवढा ड्रिफ्ट आला असता. तो ४० अंशांवर आहे, तेव्हा त्यातला काही भागच लागू होईल. त्यासाठी कोनाकडे घड्याळातल्या मिनिटांसारखं पाहा: १५ अंश म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण, ६० आणि त्यापुढे पूर्ण. ४० मिनिटं म्हणजे दोन तृतीयांश तास, म्हणून १२ चे दोन तृतीयांश, ८ अंश. हेडिंग ०५२ च्या आसपास.

समोरच्या वाऱ्यासाठी ९० मधून कोन वजा करायचा: ५० अंश, म्हणजे पाच षष्ठांश, म्हणजे १८ पैकी १५ नॉट. ग्राउंडस्पीड सुमारे ७५. त्रिकोणमितीने नेमकं काढलं तर दुरुस्ती ७.४ अंश आणि ग्राउंडस्पीड ७५.५ नॉट येतो. एवढ्या जवळचं उत्तर डोक्यात काढता येतं, आणि उड्डाणात वारा बदलला की हीच पद्धत कामाला येते. एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने तबकडी फिरवणं सोपं नाही.

तुमच्या चुकीचं मूळ बहुधा तबकडीच्या वापरात आहे. वाऱ्याचा ठिपका केंद्राच्या वर काढण्याची एक पद्धत आहे आणि खाली काढण्याची दुसरी. दोन्ही बरोबर आहेत, पण ठिपका एका पद्धतीने काढून वाचन दुसऱ्या पद्धतीने केलं की ७ अंश तेच राहतात आणि बाजू उलटते. तुमचं ०६७ नेमकं तसंच आलेलं दिसतंय. एक पद्धत निवडा आणि परवाना मिळेपर्यंत दुसरीकडे वळू नका.

प्रश्न: हिशोबात वारा ट्रू घ्यायचा की मॅग्नेटिक? आमच्या वर्गात दोन मतं आहेत.

सगळा हिशोब ट्रू (भौगोलिक उत्तरेपासून मोजलेल्या) दिशांमध्ये करा आणि मॅग्नेटिकमध्ये (चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या) अगदी शेवटी या. नकाशावर प्रोट्रॅक्टरने मोजलेला ट्रॅक ट्रू असतो, वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा अंदाज ट्रू असतो आणि मेटारमधला (विमानतळाच्या लेखी हवामान अहवालातला) वाराही ट्रू. टॉवरवरून बोलून सांगितला जाणारा वारा मात्र मॅग्नेटिक असतो, कारण धावपट्टीचा क्रमांकही मॅग्नेटिक दिशेवरूनच पडतो आणि वैमानिकाला तिथे तुलना धावपट्टीशी करायची असते.

वरच्या उदाहरणात नेमक्या हिशोबाने ट्रू हेडिंग ०५३ येतं. व्हेरिएशन (ट्रू आणि मॅग्नेटिक उत्तरेतला फरक) ३ अंश पश्चिम असेल तर मिळवा: ०५६. पूर्व असतं तर वजा केलं असतं. त्यानंतर कंपासशेजारच्या कार्डावरचं डेव्हिएशन (विमानामुळे कंपासला येणारी चूक). नकाशा जुना असेल तर त्यावरच्या व्हेरिएशनच्या रेषा कोणत्या वर्षाच्या आहेत हेही पाहा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सरकत असतं.

प्रश्न: एअरस्पीड इंडिकेटरवर ९० दिसतात. वाऱ्याच्या हिशोबात टीएएसऐवजी तेच वापरले तर काय बिघडतं?

खाली फारसं नाही, वर बरंच. साधारण दर हजार फुटांना टीएएस दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५,००० फुटांवर ९० चे ९९ होतात. दीड तासाच्या टप्प्यात हा फरक तेरा-चौदा सागरी मैलांचा होतो.

उष्ण दिवशी मात्र हा नियम उंचीऐवजी डेन्सिटी अल्टिट्यूडला (हवेच्या घनतेनुसारच्या उंचीला) लावा. समजा, धावपट्टी २,००० फुटांवर आहे, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबाने हवेचा दाब) १००३, म्हणजे प्रमाण १०१३ पेक्षा १० हेक्टोपास्कलने कमी, आणि तापमान ३५ अंश. प्रत्येक हेक्टोपास्कलला ३० फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड (दाबानुसारची उंची) २,३०० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे १०.४ अंश, म्हणजे हवा जवळपास २५ अंशांनी गरम. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड ५,३०० फुटांच्या घरात जातं. विमान जमिनीवर उभं असलं, तरी त्याच्या पंखांना आणि इंजिनाला ५,००० फुटांवरची हवा मिळते आहे. अशा दिवशी टेकऑफच्या अंतराचा तक्ता उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

प्रश्न: २४ मैलांनंतर लक्षात आलं की मी ट्रॅकच्या उजवीकडे २ मैल आहे. पुढे ३६ मैल उरले होते. मी ५ अंश डावीकडे वळलो, तरी मुक्कामाचं विमानतळ डाव्या हाताला राहिलं. का?

कारण ५ अंशांनी तुम्ही फक्त आणखी दूर जायचे थांबलात. साठास एक हा नियम सांगतो की ६० मैलांवर १ मैल बाजूला म्हणजे १ अंशाची चूक. २ × ६० ÷ २४ = ५ अंश, ही झालेली चूक. ती दुरुस्त केली की विमान ट्रॅकला समांतर जाऊ लागतं, २ मैल उजवीकडेच. मुक्कामाशी गाठ पडायला आणखी २ × ६० ÷ ३६, म्हणजे साडेतीन अंशांच्या आत-बाहेर हवेत. एकूण ८ ते ९ अंश डावीकडे.

मुक्कामाआधीच ट्रॅकवर परतायचं असेल तर झालेल्या चुकीच्या दुप्पट वळा, इथे १० अंश, आणि चूक व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ ते हेडिंग धरा. ट्रॅकवर आलात की त्यातले ५ अंश काढून टाका.

पण वळण्याआधी एक तपासणी कराच: डायरेक्शनल जायरो (जायरोवर चालणारं दिशादर्शक) कंपासशी जुळतोय ना? जायरो हळूहळू भरकटतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ, समतल आणि स्थिर वेगात असताना तो जुळवायचा असतो. हे राहून गेलं असेल तर वाऱ्याच्या अंदाजाला दोष देऊन काढलेली दुरुस्ती पुढच्या टप्प्यात पुन्हा फसवते. आणि प्रत्येक गावाकडे, प्रत्येक तलावाकडे थोडं थोडं वळत राहू नका. हेडिंग धरा, ठरलेल्या खुणेपाशी स्थान निश्चित करा, मगच एकदा दुरुस्ती करा.

प्रश्न: टॅब्लेटवरचं ॲप हे सगळं क्षणात करतं. मग हाताने का करायचं?

ॲप जरूर वापरा. उड्डाणात जीपीएसने दाखवलेल्या ग्राउंडस्पीडइतकी चांगली माहिती दुसरी नाही. पण ॲपला दिलेला आकडा चुकीचा असेल, किंवा त्याने दिलेला आकडा तुम्ही चुकीचा वाचला, तर ते पकडायला तुमच्या मनातला अंदाजच उरतो.

३ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझीलमध्ये व्हारिग कंपनीचं बोइंग ७३७ माराबाहून बेलेंला निघालं. छापील फ्लाइट प्लॅनमध्ये दिशा ०२७० अशी चार आकडी होती आणि तिचा अर्थ होता ०२७.० अंश. कॅप्टनने ती २७० वाचली आणि सहवैमानिकाने तोच आकडा आपल्या बाजूला लावला. बेलें माराबाच्या उत्तरेकडे आहे; विमान पश्चिमेला गेलं, इंधन संपेपर्यंत उडत राहिलं आणि रात्री जंगलात उतरवावं लागलं. त्यात माणसं दगावली. तिथे गणित चुकलं नव्हतं, यंत्रही बिघडलं नव्हतं. जायचंय उत्तरेला, ही एवढीच गोष्ट आकड्याशी ताडून पाहायची राहिली.

प्रशिक्षणात असेपर्यंत आधी हाताने प्लॅन करा, मग ॲप उघडा. दोन अंशांहून किंवा दोन मिनिटांहून जास्त फरक आला तर कारण सापडेपर्यंत निघू नका. बहुतेक वेळा कोणीतरी कालचा वारा घेतलेला असतो.

प्रश्न: इंधनात लिटर, गॅलन, किलो, पाउंड सगळे येतात. नेमकं किती भरायचं, हे ठरवण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

आधी इंधन मिनिटांत मोजा, मग लिटरमध्ये. पहिल्याच उदाहरणातला ट्रॅक १५२ मैलांचा धरा. वारा नसता तर १०१ मिनिटं लागली असती. ७६ च्या ग्राउंडस्पीडला १२० लागतात. तासाला २४ लिटर खपत असतील तर प्रवासाचे ४८. टॅक्सीचे ४, चढाईचे जादा ३, अनपेक्षित गोष्टींसाठी प्रवासाच्या दहा टक्के म्हणजे ५, पर्यायी विमानतळापर्यंत अर्ध्या तासाचे १२ आणि अखेरच्या राखीव अर्ध्या तासाचे १२. एकूण ८४ लिटर, आणि तेही वापरता येण्याजोगे. टाकीच्या तळाशी राहणारे यात धरायचे नाहीत.

आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट ६ मध्ये सर्वसाधारण विमानोड्डाणासाठी व्हीएफआरला (बाहेर पाहून केलेल्या उड्डाणाला) दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचा राखीव साठा सांगितला आहे. तुमच्या देशाचा किंवा स्कूलचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. समोरचा वारा १० नॉटनी वाढला तर हाच प्रवास १३८ मिनिटांचा होतो आणि ७ लिटर जादा लागतात. दहा टक्क्यांचे ५ लिटर त्याला पुरत नाहीत. म्हणून पहिल्या खुणेपाशीच खरा ग्राउंडस्पीड काढा आणि मागे फिरण्याचा निर्णय साठा हाताशी असताना घ्या.

एककांबाबत घाई नको. ॲव्हगॅसचं (छोट्या विमानांच्या पेट्रोलचं) वजन लिटरला ०.७२ किलो धरा, अमेरिकी गॅलनला ६ पाउंड. ८४ लिटर म्हणजे सुमारे ६० किलो, किंवा २२ अमेरिकी गॅलन. इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ चा, त्यामुळे नुसतं गॅलन लिहिणं धोक्याचं.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये लिटरचे किलो करताना १.७७ हा गुणक वापरला गेला. तो पाउंडांचा होता. किलोसाठी सुमारे ०.८ हवा होता. इंधन गरजेच्या निम्म्यालाच होतं आणि इंधनमापकं बंद होती. दोन्ही इंजिनं हवेत थांबली. वैमानिकांनी विमान ग्लायडरसारखं तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. मापकावर काहीही दिसत असलं तरी टाकीत मापनपट्टी घालून स्वतः पाहा.

प्रश्न: जाताना समोरून वारा, येताना तोच पाठीमागून. एकूण वेळ वारा नसल्याइतकाच होणार ना?

नाही, जास्त होणार. १२० मैल, टीएएस १००, वारा २०. जाताना ८० नॉटने ९० मिनिटं, येताना १२० नॉटने ६०. एकूण १५०. वारा नसता तर १४४. मंद वेगात आपण जास्त वेळ काढतो, म्हणून झालेला तोटा परतीच्या फायद्याने भरून निघत नाही.

याच आकड्यांतून समान वेळेचा बिंदूही काढून पाहा: अंतर गुणिले परतीचा ग्राउंडस्पीड, भागिले दोन्ही ग्राउंडस्पीडची बेरीज. १२० × १२० ÷ २०० = ७२ मैल. मध्य ६० वर असला तरी हा बिंदू वारा जिकडून येतो त्या बाजूला पुढे सरकलेला आहे. तिथून मागे ७२ मैल १२० नॉटने आणि पुढे ४८ मैल ८० नॉटने, दोन्हीकडे ३६ मिनिटं. ६५ मैलांवर प्रवाशाला बरं वाटेनासं झालं तर जवळचं वाटणारं पुढचं विमानतळ वेळेने लांब आहे; मागे फिरा.