युरोपातील सामाजिक उद्योग कसे वाढले : संशोधनाला निघालेल्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा सावकाश, दोनदा वाचला. पहिल्या प्रकरणात तू युरोपीय आयोगाने 2011 साली केलेली सामाजिक उद्योगाची, म्हणजे समाजाचे हित साधण्यासाठी धंदा करणाऱ्या संस्थेची, व्याख्या घेतली आहेस, दुसऱ्यात निरनिराळ्या देशांचे कायदे आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष संस्था. मेहनत दिसते, पण हा क्रम उलटा कर, असे मी आग्रहाने सांगेन. युरोपात हे क्षेत्र ज्या क्रमाने घडले तो याच्या नेमका विरुद्ध आहे. आधी काही माणसांची अडचण होती. ती सोडवण्यासाठी त्यांनी, बहुधा कायद्याच्या चौकटीत नीट न बसणारी, एखादी संस्था काढली. अशा संस्थांनी एकमेकींना धरून संघ उभे केले. मग कायदा आला, आणि सर्वांत शेवटी ब्रुसेल्समधल्या आयोगाची व्याख्या. तू व्याख्येपासून निघालीस तर प्रत्येक संस्था त्या मापात बसते की नाही एवढेच तपासत बसशील, आणि ती संस्था का जगली हा खरा प्रश्न हातून निसटेल.

म्हणून सर्व देश एकदम घेऊ नकोस. इटली घे, आणि तोही ईशान्येकडच्या त्रिएस्ते शहरापासून. 1971 साली फ्रांको बझाल्या हे मनोविकारतज्ज्ञ तिथल्या सान जोव्हान्नी मनोरुग्णालयाचे संचालक झाले, तेव्हा आत सुमारे 1200 रुग्ण होते. त्यांतले कितीतरी जण रुग्णालयातच फरशी पुसणे, कपडे धुणे, स्वयंपाकघरात राबणे अशी कामे वर्षानुवर्षे करत होते. त्या कामाला उपचार म्हटले जाई, त्यामुळे मजुरी देण्याचा प्रश्नच कोणाला पडत नसे. हातावर किरकोळ काही ठेवले की झाले. बझाल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला अन्याय ओळखला. जे काम बाहेरच्या माणसाने केले तर त्याला पगार मिळतो, तेच काम रुग्णाने केले की तो उपचार कसा ठरतो? त्यातून रुग्णांनाच सभासद करून एक कामगार सहकारी संस्था स्थापन झाली आणि साफसफाईचे काम तिने रीतसर कराराने, कामगार संघटनांनी ठरवलेल्या वेतनदराने घेतले. मनोरुग्णालये बंद करण्याचा मार्ग खुला करणारा 180 क्रमांकाचा कायदा 1978 मध्ये झाला. म्हणजे कायद्याच्या काही वर्षे आधी त्रिएस्तेतला रुग्ण वेतनपत्रकावर सही करत होता. या एका घटनेवर तू पूर्ण प्रकरण लिहिलेस तरी मला ते जास्त वाटणार नाही, कारण पुढच्या पन्नास वर्षांचे बीज तिच्यात आहे : दया किंवा उपचार म्हणून दिलेल्या कामाच्या जागी करार, वेतन आणि मताधिकार असलेले सभासदत्व.

त्रिएस्तेनंतर ब्रेशा. उत्तर इटलीतल्या लोम्बार्दीच्या या भागात 1970 आणि 1980 च्या दशकांत परिस्थिती वेगळी होती. तिथे स्थानिक कॅथलिक चर्चमधले स्वयंसेवक आणि अपंग मुलांचे पालक पुढे आले. सरकारी सेवा अपुऱ्या होत्या, धर्मादाय संस्थांची रीत त्यांना नको होती, आणि सहकारी संस्था हा प्रकार हाताशी होता. पण या संस्थांपुढे एक प्रश्न उभा राहिला, जो तुलाही पडायला हवा : काम वाढले की संस्था मोठी करायची का? ब्रेशातल्या लोकांनी विचारपूर्वक नाही म्हटले. त्यांनी आपल्या धोरणाला स्ट्रॉबेरीच्या शेताचे नाव दिले. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मातृरोप रनर सोडते, रनर जमिनीला टेकून मूळ धरतो आणि नवे रोप स्वतंत्र होते. संस्था एका मर्यादेपलीकडे वाढू लागली की तिने दुसऱ्या गावात, दुसऱ्या कामासाठी नवी संस्था उभी करून द्यायची, तिला माणसे आणि अनुभव द्यायचा आणि स्वतः सभासद एकमेकांना ओळखतील एवढेच राहायचे. मोठेपणाचे जे फायदे असतात, म्हणजे हिशेबनिसी, प्रशिक्षण, बँकेशी बोलणी आणि मोठ्या निविदा भरण्याची ताकद, ते मिळवण्यासाठी या छोट्या संस्थांनी 1983 मध्ये ब्रेशात आपला संघ काढला, आणि 1987 मध्ये अशा स्थानिक संघांचा राष्ट्रीय संघ झाला. इटलीच्या यशाचे श्रेय अनेक जण कायद्याला देतात. मी ते आधी या रचनेला देते. संस्था लहान ठेवून संघ बळकट करणे हे बोलायला सोपे आणि पाळायला फार कठीण असते, कारण संस्था चालवणाऱ्याला ती वाढवण्याचा मोह होतोच.

आता कायद्याकडे ये. 8 नोव्हेंबर 1991 चा 381 क्रमांकाचा कायदा तू मूळ इटालियनमधून वाच. तो छोटा आहे. त्याआधी दशकभर वाद चालला होता, आणि तो वाद पोकळ नव्हता. सहकारी संस्था सभासदांच्या परस्परहितासाठी असते, हे तत्त्व इटलीच्या राज्यघटनेच्या 45 व्या कलमातच आहे. मग जी संस्था सभासद नसलेल्या वृद्धांची, मुलांची, रुग्णांची सेवा करते तिला सहकारी म्हणायचे का? स्वयंसेवक सभासद होऊ शकतो का? डाव्या विचारांच्या सहकारी महासंघाला कामगारांची संस्था हवी होती, कॅथलिक महासंघाला स्वयंसेवकांनाही जागा हवी होती. कायद्याने दोघांचे थोडे थोडे ऐकले : स्वयंसेवक सभासद होऊ शकतात, पण एकूण सभासदांच्या निम्म्यापेक्षा जास्त नाहीत, आणि संस्थेचा उद्देश सभासदांचे हित नसून समाजाचे सर्वसाधारण हित असेल, असे पहिल्याच कलमात स्पष्ट लिहिले. संस्थांचे दोन प्रकार ठरले. अ प्रकार आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवेचा, म्हणजे घरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणे किंवा पाळणाघर चालवणे. ब प्रकार कोणताही धंदा करू शकतो, मग ती बागकामाची संस्था असो की छपाईची. मात्र तिच्या कामगारांत किमान 30 टक्के माणसे अपंग, पूर्वीचे मनोरुग्ण, व्यसनातून बाहेर येणारे किंवा तुरुंगाबाहेर काम करण्याची परवानगी मिळालेले कैदी अशी असली पाहिजेत. या माणसांच्या सामाजिक विम्याची वर्गणी संस्थेला माफ झाली, आणि ठरावीक रकमेखालचे काम अशा संस्थेला थेट कराराने देण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. पुढे 2005 पर्यंत इटलीत सामाजिक सहकारी संस्थांची संख्या सात हजारांच्या वर गेली.

आराखड्यात एक गोष्ट अजिबात आलेली नाही, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे : अविभाज्य राखीव निधी. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून इटलीच्या सहकारी कायद्यात हे सूत्र आहे की करसवलत घेणाऱ्या संस्थेची गंगाजळी सभासदांना वाटता येत नाही, संस्था चालू असताना नाही आणि अवसायनात निघाली तरी नाही. 1992 च्या कायद्याने त्यात भर घातली की प्रत्येक सहकारी संस्थेने नफ्याचे 3 टक्के नव्या संस्था उभ्या करण्यासाठीच्या सामायिक निधीला द्यावेत. याचा परिणाम असा की, आजचा सभासद मागच्या पिढीने साठवलेल्या मालमत्तेचा मालक होत नाही, फक्त राखणदार असतो, आणि संस्था विकून टाकण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. ब्रिटनने 2005 पासून सामुदायिक हिताच्या कंपन्यांचा जो नवा प्रकार आणला, त्यातही मालमत्तेला असेच कुलूप आहे. आपल्याकडे अडचणीत आलेले सहकारी साखर कारखाने विकले जाऊन खासगी हातांत गेले. ज्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर ते उभे राहिले होते त्यांच्या वाट्याला काय आले, हे तुझ्या जिल्ह्यात तू पाहिलेले आहेस. तेव्हा कोणत्याही देशाचा कायदा वाचताना आधी शेवटचे कलम वाच. संस्था बंद पडली तर मालमत्ता कोणाकडे जाते, याच्या उत्तरातच त्या कायद्याचा खरा हेतू कळतो.

इटलीचे गुणगान एवढे केले, तर तिची दुखरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. 1990 च्या दशकात नगरपालिकांवर खर्चाची आणि नोकरभरतीची बंधने आली, आणि सेवा बाहेरून घेण्याचा सपाटा सुरू झाला. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची म्हटल्यावर तो दर कुठून कमी होणार? शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या पगारातून. जी चळवळ फुकट राबणाऱ्या रुग्णाला पगार मिळवून देण्यासाठी जन्मली, तिच्याच काही संस्था स्वस्त मजुरीचे साधन बनल्या, ही टीका तिथल्या कामगार संघटनांनी केली आहे आणि ती खोटी नाही. दुसरा धोका सलगीचा. सरकार हेच एकमेव गिऱ्हाईक असेल, तर संस्थेचे लक्ष सभासदांकडून हळूहळू अधिकाऱ्यांकडे वळते. डिसेंबर 2014 मध्ये रोममध्ये उघडकीस आलेल्या भ्रष्टाचार प्रकरणात सार्वजनिक कंत्राटांच्या संदर्भात सामाजिक सहकारी संस्थांचे नाव आले, तेव्हा देशभरच्या प्रामाणिक संस्थांनाही मान खाली घालावी लागली. त्या प्रकरणाला तळटीप करू नकोस. संस्थेच्या उत्पन्नातला किती भाग एकाच सार्वजनिक गिऱ्हाइकाकडून येतो, हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत विचार.

इतर देशांना तू तुलनेपुरतेच घे. फिनलंडने 2003 मध्ये नीटनेटका कायदा केला, पण त्याखाली नोंदणी करायला फार थोड्या संस्था पुढे आल्या, कारण त्या कायद्याची मागणी करणारी चळवळच खाली नव्हती. पोलंडने 2006 मध्ये इटलीकडे पाहून सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा केला. तिथे साम्यवादी राजवटीमुळे सहकार या कल्पनेबद्दलच लोकांच्या मनात अढी होती, आणि युरोपीय निधीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या बऱ्याच संस्था तो आधार सरताच डळमळल्या. फ्रान्सचा 31 जुलै 2014 चा कायदा मात्र सवडीने वाच, कारण त्याने सहकारी संस्था, परस्पर विमा संस्था, असोसिएशन आणि प्रतिष्ठाने या जुन्या घराण्यांबरोबर काही अटी पाळणाऱ्या व्यापारी कंपन्यांनाही सामाजिक अर्थव्यवस्थेत घेतले. दार उघडण्याचा हा निर्णय योग्य होता की नाही यावर तिथे मतभेद आहेत. मला स्वतःला वाटते की मतदानाचा हक्क भांडवलाच्या प्रमाणात असलेल्या कंपनीला सहकारी संस्थेच्या पंगतीला बसवताना फार जपायला हवे.

युरोपीय संघ या गोष्टीत उशिरा शिरला, पण शिरल्यावर त्याने एक ठोस काम केले. 2014 च्या सार्वजनिक खरेदीच्या निर्देशाने सदस्य देशांना मुभा दिली की काही कंत्राटे, ज्यांच्या कामगारांत किमान 30 टक्के अपंग किंवा वंचित आहेत, अशाच संस्थांसाठी राखून ठेवता येतील. आकडा ओळखीचा वाटला ना? रोमच्या संसदेने 1991 मध्ये लिहिलेले प्रमाण तेवीस वर्षांनी युरोपीय संघाच्या कायद्यात दिसते. डिसेंबर 2021 चा सामाजिक अर्थव्यवस्थेचा कृती आराखडा आणि नोव्हेंबर 2023 मधली सदस्य देशांसाठीची शिफारस हे पुढचे टप्पे आहेत. त्या आराखड्यात युरोपभर 28 लाख संस्था आणि 1 कोटी 36 लाख पगारी माणसे असा अंदाज दिला आहे. तो आकडा जरूर दे, पण त्यात परस्पर विमा संस्था आणि मोठ्या सहकारी संस्थाही धरलेल्या आहेत हे त्याच वाक्यात सांग. नाहीतर वाचकाला वाटेल की हे सगळे त्रिएस्तेसारखेच काम आहे.

तू पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ नावाच्या संस्थेत काम केले आहेस, याचा आराखड्यात उल्लेखही नाही, याचे मला नवल वाटले. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, त्यातून पुढे सहकारी संस्था आली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. माणसे, संघटना, संस्था, मग सरकारशी करार, हा तोच क्रम आहे. ब प्रकारच्या एखाद्या इटालियन संस्थेचा नगरपालिकेशी झालेला करार मिळव आणि पुण्याच्या कराराशेजारी ठेवून कलमाकलमाने वाच : मुदत किती, दर कोण ठरवते, मुदत संपल्यावर कामगाराचे काय, दिरंगाई सरकारकडून झाली तर भरपाई आहे का. ही तुलना तुझ्याइतकी नीट करू शकणारी माणसे थोडी आहेत, आणि ती मराठीतही लिहिली जावी अशी माझी इच्छा आहे.

इटालियनचा अभ्यास आजपासून सुरू कर. इंग्रजीत तुला अहवाल मिळतील, पण सभेचे इतिवृत्त, ताळेबंद आणि निविदेची कागदपत्रे इटालियनमध्येच असतात, आणि खरी माहिती तिथेच आहे. संस्थेत गेल्यावर अध्यक्षांना भेटायचे तेव्हा भेट, पण वार्षिक सर्वसाधारण सभेला बसण्याची परवानगी आधी माग, आणि ताळेबंदावर कोणत्या सभासदाने कोणता प्रश्न विचारला ते लिहून घे. त्रिएस्ते आणि ब्रेशा या दोन गावांना प्रत्येकी निदान दोन महिने दे, बाकी देश वाचनावर सोड. पहिल्या प्रकरणाचा नवा मसुदा तू इटलीला निघण्यापूर्वी माझ्याकडे पाठव; कायद्यांचा तक्ता त्यात नसला तरी चालेल, रुग्णालयाच्या साफसफाईच्या कराराची माहिती मात्र हवी.

तुझी शुभचिंतक