अपग्रेड थांबू द्या, आधी त्या तीन ओळी वाचू

प्रश्न : ताई, माझ्या घरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१.३ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मी सोसायटीचा खजिनदार आहे, मेंटेनन्सचा सगळा हिशेब त्यावरच असतो. मिंट २२ वर जायचं म्हणून अपग्रेडचं टूल चालवलं, तर ते रिपॉझिटरीच्या (सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या साठ्याच्या) चुका दाखवून सुरुवातीलाच थांबतं. अपडेट मॅनेजरही काही महिने तक्रार करतोय, पण मी ती खिडकी बंद करत आलो. पुतण्या म्हणतो, रिपॉझिटरीच्या ओळीत एक शब्द टाकला की सहीची तपासणी बंद होते आणि सगळं सुरळीत चालतं. टाकू का? टर्मिनलचा फोटो पाठवतोय.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : काका, तो शब्द टाकू नका. आणि घाईही करू नका. मिंट २१ च्या मालिकेला सुरक्षेचे अपडेट एप्रिल २०२७ पर्यंत आहेत, तेव्हा या कामात एखादा रविवार गेला तरी काही बिघडत नाही.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. कीबोर्डच्या कडेला पावतीपुस्तक दिसतंय, वरच्या पानाला कार्बनचा निळा डाग लागलेला. बरं वाटलं, कारण सही नसलेली पावती जो माणूस हिशेबात धरत नाही, त्याला पुढची गोष्ट लगेच कळेल.

टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट अपडेट' हा आदेश दिला की संगणक आपल्या यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन येतो आणि एकेका ओळीत हजेरी देतो. ओळीच्या आधी 'हिट' असेल तर तिथे नवं काही नाही, 'गेट' म्हणजे नवी यादी उतरवून घेतली, 'इग्न' म्हणजे ते सोडून पुढे गेला, 'एर' म्हणजे काम अडलं. तळाशी डब्ल्यू या अक्षराने सुरू होणारी ओळ म्हणजे इशारा, ई ने सुरू होणारी म्हणजे चूक. तुमच्याकडे दोन ई आहेत आणि एक डब्ल्यू. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिली ई म्हणजे ४०४. तुम्ही कधीतरी वेग जास्त मिळतो म्हणून एक मिरर, म्हणजे त्याच साठ्याची दुसऱ्या सर्व्हरवरची नक्कल, निवडला होता आणि आता त्या मिररवर हवी ती फाइल नाही. 'सॉफ्टवेअर सोर्सेस' उघडा. तिथे 'मेन' आणि 'बेस' असे दोन मिरर दिसतील : 'मेन'वर मिंटची स्वतःची पॅकेजेस (बसवायच्या सॉफ्टवेअरचे गठ्ठे) असतात, 'बेस'वर मिंट ज्या उबुंटूवर उभं आहे त्याची. दोन्हीकडे मूळ सर्व्हर निवडा. थोडा हळू चालेल, चालू दे. अपग्रेडच्या दिवशी मला वेगापेक्षा पूर्ण आणि ताजा साठा महत्त्वाचा वाटतो.

दुसरी ई सांगते, की अमुक पीपीएला आता रिलीज फाइल (साठ्यात काय आहे ते सांगणारी मुख्य फाइल) उरलेली नाही. पीपीए म्हणजे कुणीतरी स्वतःच्या हौसेने किंवा गरजेने चालवलेली छोटी रिपॉझिटरी. मालकाने ती बंद केली, तुमच्या यादीत पत्ता तसाच राहिला. फोटोतल्या नावावरून तो स्क्रीन रेकॉर्डर दिसतोय. 'पीपीए'च्या टॅबमध्ये जाऊन ती ओळ काढून टाका.

पण इथेच बरेच जण थांबतात आणि पुढे अडकतात. पत्ता गेला तरी तिथून आलेली पॅकेजेस तुमच्या संगणकात बसलेलीच असतात, आणि त्यांच्या आवृत्त्या कधी कधी मिंटच्या आवृत्त्यांपेक्षा पुढच्या असतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका संगणकात अशाच एका पुढच्या आवृत्तीच्या व्हिडिओ लायब्ररीने पूर्ण अपग्रेड अडवून धरलं होतं. तिची रिपॉझिटरी दोन वर्षांपूर्वीच यादीतून काढलेली, त्यामुळे मालकाला आठवतही नव्हतं. म्हणून ओळ काढल्यावर 'मेंटेनन्स'च्या टॅबमध्ये जा आणि परकी पॅकेजेस शोधा. ज्यांची अधिकृत आवृत्ती आहे ती मागे आणा, ज्यांची नाही ती काढा. यादी मात्र वाचूनच 'ओके' करा. तुम्ही हाताने बसवलेला प्रिंटरचा ड्रायव्हरही तिथे परका म्हणून दिसू शकतो.

आता तो डब्ल्यू. नुसता इशारा म्हणून तुम्ही तो सोडून दिलात, पण मला तिघांत सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. 'नो पबकी' आणि पुढे सोळा अक्षर-आकड्यांची रांग. ही तुमच्या ब्राउझरची रिपॉझिटरी आहे. तिथली यादी नव्या चावीने सही होऊन आली, ती सही पडताळायची चावी तुमच्याकडे नाही, म्हणून संगणकाने नवी यादी नाकारली आणि जुनीच वापरतोय. याचा अर्थ, काका, त्या ब्राउझरला तितके महिने एकही अपडेट मिळालेला नाही. सोसायटीच्या बँकेचे व्यवहार त्यातूनच करत असाल, तर आजपासून हे काम होईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा.

सही नेमकी कुठे असते तेही सांगते. रिपॉझिटरीच्या रिलीज फाइलवर सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजच्या याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, असतात, आणि याद्यांमध्ये एकेका पॅकेजचे हॅश. म्हणजे वरच्या एका सहीवर खालची प्रत्येक फाइल तोलली जाते. पुतण्याचा तो 'ट्रस्टेड येस' टाकला की हीच सही पाहणं बंद होतं. मग मधल्या कुणी बदललेलं पॅकेज दिलं तरी ते रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने बसेल, आणि बसताना त्यातल्या स्क्रिप्टही रूट म्हणूनच चालतील. पुतण्याला रागावू नका. हा सल्ला जागोजागी मिळतो आणि चूक दिसेनाशी होते हे खरंच आहे.

कुठून तरी कॉपी केलेल्या आदेशाने चावी आणू नका. ब्राउझरच्या रिपॉझिटरीची ओळ 'ॲडिशनल रिपॉझिटरीज'मधून टिक काढून बंद करा. अपग्रेड झालं की ब्राउझर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून ताजं डेब पॅकेज आणून बसवा. अशी पॅकेजेस बहुधा आपली ओळ आणि चावी स्वतःच लावून घेतात.

मग पुन्हा 'सुडो ॲप्ट अपडेट'. तळाशी ई ने सुरू होणारी एकही ओळ नको. २१.३ चे राहिलेले सगळे अपडेट घ्या, संगणक एकदा बंद करून चालू करा आणि टाइमशिफ्टने स्नॅपशॉट (सिस्टीमची आत्ताची नक्कल) काढा. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फायली जपतं, तुमचं होम फोल्डर मुळात त्यात धरलेलं नसतं. सोसायटीचा हिशेब वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून लिबरऑफिसमध्ये एक फाइल उघडून बघा. हे केल्याशिवाय अपग्रेडच्या टूलला हात लावू नका, एवढं माझं ऐका.

प्रश्न : उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जायचंय. पण प्रत्येक रिपॉझिटरीसाठी 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं येतं आणि पुढे कंसात शेकडो दिवसांचा आकडा. सर्व्हर बदलून पाहिला, तरी तेच. रात्री मी मेन स्विच बंद करतो.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमची रिपॉझिटरी ठीक आहे, घड्याळ मागे पडलंय. पडद्याच्या वरच्या पट्टीवरची तारीख बघा, कुठल्या तरी जुन्या वर्षाची असेल. रिलीज फाइलवर तारीख असते, आणि तुमच्या संगणकाच्या हिशेबी ती फाइल अजून जन्मलेलीच नाही. आज पुरतं तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करा किंवा हाताने तारीख घाला, की अपडेट चालेल.

पण मेन स्विच बंद केल्यावर संगणक वेळ विसरतो याचा अर्थ मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळेल, तुमच्या नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडेही असेल. प्लग काढून ठेवा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून संगणकाच्या डब्याच्या पत्र्याला हात लावा, बाजूची छोटी पट्टी दाबली की जुना सेल वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तारीख लावा, रात्री नेहमीसारखा स्विच बंद करा, आणि सकाळी तारीख बरोबर दिसली तरच अपग्रेडला बसा.