भिंतीतल्या पेटीत सापडलेले पितळी तुकडे कसले?

खानापूरकडच्या जुन्या घरात कोनाड्यामागे दोन छोटी पितळी पारडी, चौकोनी तुकडे आणि लाल-काळ्या बिया निघाल्या म्हणता, तर तो सोनाराचा ताजवा, म्हणजे सोनं तोलायचा छोटा तराजू दिसतोय, आणि तुकडे ही त्याची वजनं. तुकडे सराफाच्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा: 11.66 ग्रॅम भरला तर तोळा, 5.83 अर्धा तोळा, 0.97 मासा. (12 माशांचा तोळा, 8 गुंजांचा मासा.) झिजेमुळे वजन किंचित कमी भरतं, जास्त भरलं तर मळ बसलाय. पण चिंचेनं घासू नका, शिक्के पुसतात आणि जुन्या वस्तूची किंमत जाते. मऊ ब्रश नि कोरडं कापड, बास. बिया म्हणजे गुंजा. फुटलेली गुंज फार विषारी, म्हणून त्या आधी पोरांपासून लांब ठेवा. मेट्रिक वजनं 1958 पासून लागू होऊ लागली, तेव्हा संच बहुधा त्याआधीचा.